वज्रबाहूचा शेला

२४ मार्च १९४३, बुधवार. वडिवळे

आज पंचांनी नाटकाला होकार दिला. होकार दिला आणि त्याच बैठकीत नाटकाचा गळाही दाबला.

झालं ते असं. गेल्या महिन्यात लोणावळा स्टेशनावर लष्करी गाडी थांबली होती. एका गोऱ्या सोल्जराने खिडकीतून फेकलेलं रंगीत चित्रांचं पुस्तक माझ्या हाती लागलं. त्यात घट्ट तुमानीतला एक इसम मोटार डोक्यावर उचलतो आणि वर हवेत उडतो. मजकूर जेमतेम कळला, पण माझ्या डोक्यात चक्र सुरू झालं. असा अचाट पुरुष आपल्याकडे रंगभूमीवर कुणी आणलाय? कुणीच नाही. मी आणणार! नाव वज्रबाहू. खंडाळ्याच्या घाटात मेल गाडी छातीने अडवणारा. राणीचा रत्नहार चोरीला जातो आणि वज्रबाहू चोर शोधून काढतो, असं तीन अंकी रहस्यमय नाटक. जाखमातेच्या जत्रेत प्रयोग लावायचा, लोणावळ्याच्या नाट्यमंडळाच्या माधवरावांना पाहायला बोलवायचं, आणि त्यांना पसंत पडलं की या वडिवळ्यातून माझी सुटका. लोकल बोर्डाच्या शाळेत बिगारीच्या पोरांना बाराखडी घोकवायला मी जन्माला आलेलो नाही.

वज्रबाहूसाठी बजरंगला धरला. वरच्या आळीतला पैलवान, आवाज असा की कामशेतला ऐकू जावा. झालं! खालची आळी एकदम उठून उभी राहिली. "मंग आमचा कोन?" या गावात वरच्या आळीला जो मान, तोच खालच्या आळीला. पालखीचे दांडेसुद्धा वाटून घेतात. एका आळीचा नायक म्हणजे जत्रेत डोकी फुटणार.

पंचांतले भिमाजी मला म्हणाले, "मास्तर, दोन अचाट मानसं करा की. तुमच्या घरचं काय जातंय?"

माझ्या घरचं काय जातंय! अख्खं कथानक जातंय!

२६ मार्च

दुसरा अचाट पुरुष काढला. छायासेन. वज्रबाहूच्या अगदी उलटा हवा, म्हणून हा सावळा, सडपातळ, कमी बोलणारा. एक गर्जना करतो, दुसरा गप्प बसून विचार करतो. कागदावर जोडी झकास दिसते.

पण लिहायला बसलो आणि घाम फुटला. दोन अचाट पुरुष एकत्र आले की रहस्य राहतच नाही. वज्रबाहूने दोन भिंती पाडल्या की चोर उघडा. छायासेनाला मनातलं कळतं म्हटलं, तर पहिल्याच प्रवेशात निकाल! मग पुढचे दोन अंक लोकांनी काय शेंगा खायच्या? शेवटी छायासेनाची शक्ती कापून टाकली. तो जी वस्तू मुठीत धरेल, तिची हकिकत त्याला कळते, पण सावकाश. तीन अंक पुरेल इतकी सावकाश. वज्रबाहूला हकिकत कळत नाही, पण धीरही धरवत नाही.

खालच्या आळीने छायासेनासाठी सोपानला दिला. का दिला, तर बाकीच्यांना वेळ नाही. सोपानला एक वाक्य विचारलं की अर्ध्या तासाने अर्धं उत्तर येतं. देवा रे!

३० मार्च

संध्याकाळी शाळेच्या ओसरीवर पहिला अंक वाचून दाखवला. हार चोरीला गेल्यावर मोलकरीण मंजुळेवर आळ येतो, ती रडते, शिपाई तिला ओढत नेतात. सगळे गप्प झाले होते. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात मागून कस्तुराबाई बोलली. ही भिमाजींच्या धाकट्या भावाची बायको. तो वारल्यापासून दिरांच्या घरात राहते, आणि शाळेचा आणि माझा रांजण भरते. हंडा कमरेवर घेऊन केव्हापासून ऐकत उभी होती कोण जाणे.

"मास्तर, त्या मोलकरनीचं फुडं काय झालं?"

"पुढे काही नाही. प्रेक्षकांचा संशय भलतीकडे जावा म्हणून आहे ती. काम झालं, गेली."

"म्हंजी तिनं चोरलं न्हाई?"

"नाही."

"मंग खरा चोर घावल्यावर तिला कुनी सांगतं का, बाई तू न्हवतीस म्हनून?"

 नाट्यशास्त्रात दुय्यम पात्र नावाची एक गोष्ट असते, हे हिला मी कसं समजावणार? म्हटलं, "बाई, रांजण भर."

६ एप्रिल

काल पाडवा. तालीम नाही, आजही नाही, उद्याही नाही. गावात भलतंच सुरू झालंय.

जाखमातेचे दागिने वर्षभर एकेका घरी मानाने असतात. या वर्षी भिमाजींकडे होते. पाडव्याला उजळायला पेटी उघडली, तर बाकी सगळं जागच्या जागी आणि नथ नाही. मोत्यांची नथ, जत्रेत देवीला हीच घालतात.

महिपती गुरवाला बोलावलं. तो म्हणतो, "गेल्या जत्रेला दागिन्यांची पेटी आधी घरी गेलती. नथ शेवटाला उतरवली. ती मी भिमाजीच्या घरच्या बायांकडंच दिली. अंधार पडलता, कोनच्या हातात दिली ते ध्येनात न्हाई." तिथे बाया दोनच होत्या. भिमाजींची आई बयाबाई आणि ही कस्तुराबाई. बयाबाईच्या अंगावरून त्याच आठवड्यात वारं गेलं. एक अंग लुळं, वाचा बंद. कस्तुराबाई म्हणते, "माझ्या हातात आरतीचं ताट हुतं, नथ मी बघितलीबी न्हाई." बयाबाईला विचारलं, तर ती नुसती रडते आणि चांगल्या हाताची बोटं एकमेकांवर फिरवत राहते. लोक म्हणतात, सुनेच्या करणीने म्हातारीचा जीव तळमळतोय.

पंचांनी ठरवलं की जत्रेच्या दिवशी तिन्हीसांजेला देवीला कौल लावायचा. गुरव देवीच्या अंगाला ओल्या कळ्या लावतो. उजवी आधी पडली तर बाई निर्दोष, डावी पडली तर दोषी. दोषी ठरली तर कस्तुराबाईने आंदर मावळात भावाकडे निघून जायचं आणि तिची पोरगी चिमी मात्र इथे, बापाच्या घरीच राहायची. तोवर तिच्या हातचं पाणी बंद.

हा शुद्ध अडाणीपणा आहे. मीही समोरच्या धोंडाबाईला सांगितलं, उद्यापासून रांजण तू भर. गावात राहायचं तर गावासारखं वागावं लागतं, आणि मला शाळा चालवायची आहे.

माझ्या नाटकातला रत्नहार मात्र सगळे साफ विसरले. मी एवढं डोकं शिणवून चोरी रचली, आणि लोकांना खऱ्या चोरीतच रस!

८ एप्रिल

तालीम सुरू झाली, आणि नवीन कटकट. पंच ऐकायला बसले होते. वज्रबाहू आणि छायासेन राजवाड्यात येतात, पायाचे ठसे पाहतात, खिडकी तपासतात. महिपतीने मधेच हात वर केला.

"मास्तर, ही दोघं देवाला कवा इचारत्यात?"

"देवाला नाही विचारत. ते स्वतः शोधतात."

"देवाला न इचारता? मंग चोर कसा घावायचा?"

"बुद्धीने! शक्तीने! त्याचंच तर नाटक आहे!"

सगळे माझ्याकडे असे पाहू लागले की मीच हार चोरलाय. निदान दुसऱ्या अंकात एक कौल घाला म्हणून धरूनच बसले. मी म्हटलं, कौल घातला तर मी नाटक फाडून टाकीन. तेव्हा सोपान बोलला. आठवड्यातलं त्याचं पहिलं पूर्ण वाक्य. "कौल नुसता व्हय का न्हाई सांगतो. वस्तू कुटं हाय ते न्हाई सांगत." पंचांना ते कसं कोण जाणे पटलं. माझं कुणाला पटत नाही, सोपानचं पटतं! वाटलं, कपाळ बडवून घ्यावं.

११ एप्रिल, रविवार

वज्रबाहूला अंगावर सोडायला वस्त्र पाहिजे. त्या चित्रातल्या माणसाच्या पाठीवर उडताना लाल कापड फडफडतं. भिमाजींनी पेटाऱ्यातून वडिलांचा जुना रेशमी शेला काढून दिला. पिवळा, अजून चकाकतो. पण एका टोकाला ही एवढी घट्ट गाठ! बजरंग चालला की ती त्याच्या गुडघ्यावर आपटते आणि शेला उडायच्या ऐवजी लोंबतो.

म्हटलं, सोडा ती गाठ. भिमाजींनी दोन्ही हात वर केले. "आईची नवसाची गाठ दिसतीया. आत रुपाया आन तांदूळ असत्यात. नवस फिटल्याबिगर सोडायची न्हाई. तसंच वापरा."

शेला घेऊन निघालो, तर ओसरीवर बसलेल्या बयाबाईने चांगल्या हाताने तो घट्ट धरला. सोडेचना. डोळ्यांतून घळाघळा पाणी. मालकाची आठवण झाली असणार, बिचारी. बोटं एकमेकांवर चोळून काहीतरी मागत होती. मला वाटलं मिश्री हवी असेल. शेजारची डबी पुढे केली, तर तिने डबीच भिरकावली. मिश्री सगळी माझ्या धोतरावर! नाटककाराच्या वाट्याला काय काय येईल याचा नेम नाही. कसाबसा शेला सोडवून आणला.

१४ एप्रिल

आज उड्डाणाचा प्रवेश बसवला. वज्रबाहू बैलगाडीवर उभा राहतो, चौघे मागून गाडी ढकलतात, आणि छायासेनाला स्वतः उडता येत नसल्यामुळे तो शेल्याचं टोक मुठीत धरून मागे उभा. दोन विरुद्ध पुरुष एकाच वस्त्राने बांधलेले! ही कल्पना मला स्वतःलाच फार आवडली.

सोपानने टोक धरलं आणि तोंड वाकडं केलं.

"काय झालं?"

"टोचतंय."

"रेशीम टोचतं होय रे? चेहरा गंभीर ठेव!"

त्याने संवाद म्हटलाच नाही. मुठीकडे बघत उभा राहिला. बजरंग तिकडे एकटाच गर्जतोय. ही जोडी मी का जुळवली?

१७ एप्रिल

शाळा सुटल्यावर कस्तुराबाई आली. पायरीच्या खालीच उभी राहिली. दहा दिवसांत बाई निम्मी झालीय. चिमी तिच्या पदराला धरून होती. हल्ली पोर वर्गातसुद्धा दाराकडे तोंड करून बसते. आई दिसेनाशी होईल म्हणून तिथून हलत नाही.

"मास्तर, तुमची ती दोन अचाट मानसं हायती न्हवं? त्यास्नी आमची नथ शोधाया सांगा."

मी हसणार होतो, पण बाईचं तोंड पाहून हसवेना. म्हटलं, "अगं, ती खोटी आहेत. बजरंग आणि सोपान आहेत ते."

"खोटी मानसं राणीचा हार शोधून देत्यात. मंग खऱ्याचं कुनी शोधायचं?" मग ती एकदम रडायलाच लागली. "पोरगी ठिवून जा म्हनत्यात, मास्तर. मी हिला सोडून कशी जाऊ? त्या कळीचा काय भरवसा? वारा आला तरी पडती. माझ्या जिवाचं पानी पानी झालंय. तुमी शिकलेलं हाय, तुमी पंचांस्नी सांगा की ह्यो कौल न्हाई खरा."

मी सांगितलं, जत्रा होऊ दे, मग बघू. अजून तिसरा अंक बसलेला नाही, पंचांना आत्ता दुखवलं तर गाडी मिळणार नाही, पडदा मिळणार नाही. हे तिला सांगून काय उपयोग?

जाताना म्हणाली, "त्या मोलकरनीला तरी शेवटाला आना. लोकास्नी दिसू द्या, ती चोर न्हवती म्हनून."

पुन्हा मोलकरीण! माझ्या नाटकात दोन अचाट पुरुष आहेत, एक राणी आहे, एक कपटी दिवाण आहे, आणि या बाईला मोलकरीणच दिसते.

१९ एप्रिल

माधवरावांचं कार्ड आलं. येणार आहेत! प्रयोग दुपारी आहे असं मी त्यांना आधीच कळवलं होतं म्हणून बरं. रॉकेल रेशनवर, गॅसबत्तीला कुठून आणायचं? उन्हात नाटक करायचं म्हणजे छायासेनाची छाया सगळ्यांना दिसणार. आलीया भोगासी.

२१ एप्रिल

सोपानने आज माझा अंत पाहिला. दुसऱ्या अंकातला सर्वांत रंगलेला प्रवेश चाललाय, वज्रबाहू छातीने मेल गाडी अडवतोय, आणि हा माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, "मास्तर, रुपाया टोचतो का?"

"काय?"

"रुपाया वाटोळा असतो. ह्यात तारेगत कायतरी हाय."

"सोपान, तुला मी हात जोडतो. संवाद पाठ कर. तुझं वाक्य आहे, 'या वस्तूची हकिकत मला कळू लागली आहे.' म्हण."

"त्येच म्हनतोय," तो म्हणाला, आणि जाऊन जागेवर उभा राहिला.

नंतर तो भिमाजींच्या दारावरून दोनदा गेला म्हणे, आत पाऊल टाकलं नाही. त्यांच्या उंबऱ्यात खालच्या आळीचा माणूस जात नाही, बांधाचं जुनं भांडण आहे. बजरंगला काहीतरी सांगायला गेला, तर बजरंगने ऐकून घेण्याआधीच पाठीवर थाप मारून त्याला गप्प केलं. असे हे माझे गुप्तहेर!

२४ एप्रिल

आज मी कात्री आणली. गाठीसकट टोक कापून टाकावं, शेला निदान नीट उडेल. बजरंग, मेल गाडी अडवणारा बजरंग, माझा हात धरून थरथरला. "नगा मास्तर! नवस मोडला तर घर बसतं! हात झडंल तुमचा!" बाया गोळा झाल्या. धोंडाबाईने तर माझ्याच नावाने बोटं मोडली. सोपान एकटा ओरडला नाही. शांतपणे म्हणाला, "कापू नगा. ज्याचा नवस त्याला इचारू."

सगळे वेडे आहेत. कात्री ठेवून दिली.

२६ एप्रिल

उद्या जत्रा. पडदा आखूड पडतोय. राणीचं काम करणाऱ्याला ताप आलाय. कस्तुराबाईच्या भावाचा निरोप आला की चैत्र संपल्यावर या, आत्ता घरात जागा नाही. मला अन्न गोड लागत नाहीये. माधवराव काय म्हणतील?

२८ एप्रिल

संपलं. सगळं संपलं. काल रात्री लिहिण्याच्या मनःस्थितीत नव्हतो. आज लिहितो, कारण कुणाला सांगायची सोय नाही.

माधवराव दुपारी कामशेतहून बैलगाडीने आले. खुर्चीवर बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते. पुढे बाया बसल्या होत्या, मधोमध बयाबाई. तिला सोंग बघायला म्हणून उचलून आणली होती. कस्तुराबाई सगळ्यांपासून लांब, पिंपरणीखाली, चिमीला मांडीवर घेऊन. देवळात महिपती कळ्या भिजवून ठेवत होता.

आणि एक नवीनच प्रकार! वज्रबाहू आणि छायासेन रंगून बाहेर आले, तर बाया उठून त्यांच्या पायांवर पाणी घालायला लागल्या. सोंग म्हणजे देवच, असा इथला रिवाज. माझ्या डोक्यातून निघालेल्या पात्रांना हळद-कुंकू! माधवरावांकडे बघायची मला लाज वाटली.

तरी दोन अंक निभावले. तिसऱ्यात उड्डाण. गाडी आली, वज्रबाहू उभा, मागे छायासेन शेल्याचं टोक धरून. आता दिवाणाकडे बोट दाखवून छायासेनाने म्हणायचं, "हे दुष्टा, तूच तो चोर!" मी पडद्याआडून वाक्य सुचवलं. सोपान गप्प. पुन्हा सुचवलं. त्याने बोट दाखवायच्या ऐवजी गाडीवरून खाली उडी मारली. शेला त्याच्या मुठीत, म्हणून बजरंगही धडपडत खाली. दोघे सरळ प्रेक्षकांत चालत गेले!

मी ओरडतोय, "हे दुष्टा म्हण! अरे, हे दुष्टा!"

सोपान बयाबाईच्या पुढ्यात गुडघ्यावर बसला. खालच्या आळीचा माणूस भिमाजींच्या आईसमोर! पण अंगावर सोंग, त्यामुळे कुणी हटकलं नाही. त्याने गाठ तिच्या हातात ठेवली आणि विचारलं, "आत्या, ह्यो तुमचा नवस हाय का?"

म्हातारीने मान हलवली. नाही.

"सोडू का?"

तिने चांगल्या हाताने त्याची छाती ठोकली. सोड, सोड, सोड! आणि तीच बोटं, एकमेकांवर फिरणारी. गाठ मारून दाखवत होती ती. इतके दिवस तेच दाखवत होती म्हणे. मला कसं कळणार, माझ्यामागे तीन अंकांचा व्याप होता.

सोपानला गाठ सुटेना, वर्षभराची घट्ट बसलेली. तेव्हा बजरंगने त्याला बाजूला सारलं, मांडी घातली, आणि घाटात मेल गाडी अडवणाऱ्या माझ्या वज्रबाहूने गाठीला दात लावले. नखं लावली. कपाळाची शीर तट्ट फुगली. गाठ सुटली आणि देवीची नथ म्हाताऱ्या बाईच्या ओटीत पडली. गेल्या जत्रेला तिनेच जपून बांधून ठेवलेली.

असा गलका मी जन्मात ऐकला नाही. माझ्या नाटकाला एवढा झाला नव्हता. दिवाणाचं काम करणारा बिचारा अजून रंगमंचावर पकडला जायची वाट बघत उभा होता. माझा तिसरा अंक झालाच नाही. महिपतीने भिजवलेल्या कळ्या देवीच्या पायांवर वाहून टाकल्या. कौलही नाही, नाटकही नाही.

माधवराव गाडीत बसायला निघाले होते. मी त्यांच्या मागे धावलो, थेट ओढ्यापर्यंत. क्षमा मागायला तोंड उघडलं, तर त्यांनीच माझा हात धरला.

"मास्तर, पहिले दोन अंक नेहमीचेच. पण ती शेवटची गाठ! शक्तिमान आणि बुद्धिमान, दोघे मिळून एका मुक्या म्हातारीपुढे बसतात! कुठून सुचलं हो? हा शेवट जसाच्या तसा लिहून पाठवा. दिवाळीत लोणावळ्याला लावू."

जसाच्या तसा! मी लिहिलेलं एकही वाक्य त्यांना आठवत नव्हतं. नमस्कार करून परत आलो, तर देवळासमोरचं सगळं आटोपलं होतं.

ते महिपतीकडून कळलं. भिमाजींनी लुगडं-खण पुढे केला. "झालं गेलं इसरून जा, कस्तुरा." तिने घेतला नाही. म्हणाली, "लुगडं नगं. चारचौघांत माझ्या हातचं पानी बंद केलंत, चारचौघांत प्या." हंडा भरून आणला आणि देवळाच्या पायरीवर उभी राहिली. भिमाजी घुटमळले, पंच एकमेकांकडे बघू लागले. तेव्हा वज्रबाहू आणि छायासेन, तोंडाचा रंग तसाच, तिच्यापुढे ओणवे बसले आणि ओंजळ पुढे केली. मग भिमाजी प्याले. मग पंच, मग सगळं गाव. धोंडाबाईसुद्धा. चिमी म्हणे हसत होती.

मी तेव्हा ओढ्यावर होतो.

३० एप्रिल

कालपासून रांजण कोरडा आहे. धोंडाबाई म्हणते, "आता कस्तुराच भरंल की, तिचंच काम त्ये."

सकाळी कस्तुराबाई शाळेवरून गेली, हंडा भरलेला. मी ओसरीवरून म्हटलं, "बाई, रांजणात थेंब नाही."

ती थांबली. रागावलेली वाटली नाही. तेच मला जास्त झोंबलं.

"जत्रेला समद्यांनी पानी पिलं, मास्तर. तुमी न्हवता."

"माधवरावांना निरोप द्यायला गेलो होतो."

"व्हय, पळताना दिसलासा." मग विचारलं, "त्या मोलकरनीचं लिवलं का?"

"लिहितोय. माधवरावांना नवीन शेवट पाठवायचा आहे."

"लिवा मंग. लिवून झालं की सांगा. रांजन भरते." आणि गेली. मागे चिमी उड्या मारत.

म्हणजे माझ्याच रांजणावर अट! लोकल बोर्डाच्या शिक्षकावर! मी संतापून लिहायलाच बसलो. अंक तिसरा, प्रवेश शेवटचा. मंजुळेची झोपडी. वज्रबाहू आणि छायासेन दाराशी येतात. मंजुळा चूल सारवते आहे, वर बघत नाही.

इथे काय बोलतील ते? वज्रबाहूला गर्जना दिली, खोडली. 'भगिनी, तू निर्दोष आहेस,' खोडलं. हे तिला पहिल्यापासून माहीतच आहे. छायासेनाला काहीतरी मुठीत धरायला द्यावं म्हटलं, तर झोपडीत धरण्यासारखं काही नाही. एक घाटात गाडी अडवतो, दुसऱ्याला वस्तूंची हकिकत कळते, आणि दोघे त्या दाराशी सकाळपासून तसेच ठोंब्यासारखे उभे आहेत. ऊन कौलांवर आलं. घशाला कोरड पडलीय. समोर धोंडाबाईचा हंडा आहे, मागितलं तर ती ओंजळभर देईलही.

नाही मागत. मंजुळा वर बघेपर्यंत बसतो.